सरकारी मदतीचा हप्ता कोठें अडतो ?

सरकारांतून शेतकऱ्यास पैसा मिळणें ही गोष्ट आपल्या सोलापूर जिल्ह्यास नवी नाहीं. जमीनसुधारणा कर्जाचा कायदा सन १८८३ मध्यें व शेतकऱ्यांस कर्ज देण्याचा कायदा सन १८८४ मध्यें झाला, तेव्हांपासून अवर्षण पडलें कीं तगाईचे अर्ज तालुक्याच्या कचेरींत जात. तगाई हें कर्ज होतें व तें व्याजासह फेडावें लागे. आजची मदत फेडावी लागत नाहीं. प्रधानमंत्री किसान सन्मान निधि केंद्र सरकारनें ता. २४ फेब्रुवारी २०१९ रोजीं सुरू केला. त्यांत पात्र कुटुंबास वर्षास ६,००० रुपये, दर चार महिन्यांस २,००० प्रमाणें, मिळतात. महाराष्ट्र सरकारनें सन २०२३ मध्यें नमो शेतकरी महासन्मान निधि काढून तितकीच भर घातली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं वर्षाचे हे १२,००० रुपये बी-खताच्या वेळीं लहान नव्हेत.

तगाईच्या काळीं पैसा हातांत पडे व माणसाची ओळख गांवचा पाटील देई. आज रक्कम थेट बँकेच्या खात्यांत जाते. मधला हात गेला हें उत्तम झालें. पण त्याबरोबर ओळख देणाराहि गेला. यंत्र माणूस ओळखत नाहीं. तें जमिनीची नोंद, आधार क्रमांक व बँकेचें खातें हीं तीन ताडून पाहतें, आणि एकाचा मेळ बसला नाहीं तर मुकाट्यानें हप्ता थांबवितें. आम्हीं महसूल खात्यांत बरीच वर्षें लेखणी झिजविली आहे. आमचा अनुभव असा कीं, ज्याचा हप्ता अडतो तो बहुधा चुकीच्या दारीं जातो. दोष बँकेंतला असतां तो तलाठ्यास बोल लावतो, आणि दोष सातबाऱ्यांतला असतां बँकेच्या खिडकीशीं तिष्ठत राहतो. मोडनिंबहून माढ्यास एक खेप म्हणजे शेतकऱ्याचा एक दिवस. म्हणून दार आधीं ओळखावें, मग पाऊल उचलावें.

प्रथम पात्रता पाहावी. या योजनेंत पति, पत्नी व अज्ञान मुलें मिळून एक कुटुंब धरलें आहे. पति-पत्नी दोघांच्या नांवें जमीन असली तरी हप्ता एकासच मिळतो. आरंभीं दोन हेक्टरांची मर्यादा होती. ती सन २०१९ मध्येंच काढून टाकली. मात्र प्राप्तिकर भरणारे, दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, चतुर्थ श्रेणीखेरीज आजी-माजी सरकारी नोकर, तसेंच वकील, डॉक्टर, इंजिनियर यांस हा लाभ नाहीं. ता. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीनें जमीन घेतलेल्यासहि तो नाहीं. पण मृत्यूमुळें वारसाहक्कानें आलेल्या जमिनीस ही अट लागत नाहीं. दुसऱ्याची जमीन खंडानें किंवा वाट्यानें करणाऱ्याचें नांव या योजनेंत बसत नाहीं, ही या योजनेची मोठीच उणीव होय. अपात्र असतां ज्यांनीं हप्ते घेतले त्यांच्याकडे पुढें वसुलीच्या नोटिसा आल्या, हेंहि लक्षांत ठेवावें.

आतां पहिलें दार : जमिनीची नोंद. येथील सर्वांत मोठा दोष म्हणजे सातबाऱ्यावर मयत माणसाचें नांव तसेंच राहणें. घरधनी वारला, घरांत दुःख, मग दिवसकार्य, मग सुगी. वारसनोंद मागें पडते. बँकेचें खातें त्याचें, आधार त्याचा. म्हणून त्याचे हप्ते थांबतात, आणि विधवेचें नांव कोठेंच नसल्यामुळें तिचे सुरू होत नाहींत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ अन्वयें वारसानें तीन महिन्यांचे आंत तलाठ्यास (त्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वर्दी द्यावयाची असते. मृत्यूचा दाखला व वारसांचीं नांवें दिलीं कीं फेरफाराची नोंद होते, नोटीस निघते, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. सन २०२५ मध्यें सरकारनें याच कामासाठीं ‘जिवंत सातबारा’ नांवाची मोहीम काढली, यावरून हा दोष किती पसरलेला आहे हें दिसतें. उशीर झाला तर तोटा खरा आहे. नांव ज्या चार महिन्यांच्या टप्प्यांत यादींत चढतें, त्या टप्प्यापासून हप्ता धरतात. मागचा हिशेब कोणी चुकता करून देत नाहीं.

याच दारीं दोन जुने शेरे तपासून पाहावे. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरल्या भावाचें नांव असें लागलें कीं धाकट्यांचा हक्क खरा असूनहि कागदावर तो दिसत नाहीं. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. मुलगा वयांत येऊन त्यासहि मुलें झालीं, तरी कागदावर तो अज्ञानच ! दोन्ही शेरे अर्ज करून कमी करून घेतां येतात.

दुसरें दार नांवाचें. सातबाऱ्यावर ‘दत्तू’, आधारावर ‘दत्तात्रय’ आणि पासबुकांत तिसरेंच कांहीं, असें आपल्याकडे सर्रास आढळतें. लेखनाची चूक सातबाऱ्यावर असेल तर कलम १५५ खालीं तहसीलदाराकडे अर्ज करावा. आधारावर असेल तर आधार केंद्रांत जावें. कोणता कागद खरा हें आधीं घरांत ठरवावें व बाकीचे त्याबरहुकूम करून घ्यावे.

तिसरें दार बँकेचें. आधाराची प्रत बँकेंत दिली म्हणजे काम झालें असें नाहीं. सरकारी रकमेसाठीं खातें आधाराशीं जोडावें लागतें, आणि अनेक खातीं असतील तर ज्या खात्याशीं आधार सर्वांत शेवटीं जोडला त्यांतच रक्कम जाते. म्हणून पुष्कळदां हप्ता आलेला असतो, पण तो विसरलेल्या खात्यांत पडून राहतो. नवें खातें काढतांना हें विचारूनच सही करावी.

चौथें दार ई-केवायसीचें, म्हणजे लाभार्थी तोच व जिवंत आहे या खातरजमेचें. आधाराशीं जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी देऊन तें घरबसल्या होतें. नाहीं तर सेवा केंद्रांत बोटाचा ठसा द्यावा. खुरप्यानें ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्या वृद्ध बायांचा ठसा यंत्र घेत नाहीं. त्यांसाठीं सन २०२३ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली आहे. तिचा आग्रह धरावा.

यांतील कोणतें दार बंद आहे हें योजनेच्या संकेतस्थळावर ‘लाभार्थीची स्थिति’ पाहिल्यास कळतें. तेथें जमिनीची नोंद, आधाराची बँकेशीं जोडणी व ई-केवायसी यांपुढें होय किंवा नाहीं असें वेगवेगळें लिहिलेलें असतें. १५५२६१ या क्रमांकावरहि विचारतां येतें. नवीन नोंदणीची चौकशी कृषि खात्याकडे करावी, जमिनीच्या नोंदीची महसुलाकडे.

हा खटाटोप दोन हजारांपुरताच नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्यें सीनेच्या महापुरानें आपल्या माढा तालुक्यांतील नदीकांठचीं शिवारें बुडालीं. त्या मदतीच्या वेळीं ज्यांनीं आधींच शेतकरी ओळख क्रमांक काढला होता त्यांस वेगळें ई-केवायसी करावें लागलें नाहीं. हा क्रमांक म्हणजे जमीन व आधार यांची एकदांच बांधलेली गांठ. पण सातबाऱ्यावर नांवच नसेल तर गांठ मारावी कशाशीं? पुरांत पीक गेल्यावर फेरफार धरण्यास धांवणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय.

शेवटीं तीन सूचना. तोंडीं सांगून परत येऊं नये. अर्ज लेखी द्यावा, नकलेवर तारखेसह पोच घ्यावी. ओटीपी कोणास सांगूं नये व व्हॉट्सॲपवर योजनेच्या नांवानें आलेली फाइल उघडूं नये. तिनें खातीं रिकामीं झालेलीं आहेत. आणि घरांत कोणी वारल्यास त्याच्या नांवाचे हप्ते घेत न राहतां तसें कळवावें व वारसनोंदीचा अर्ज त्याच महिन्यांत द्यावा. येत्या पेरणीपूर्वीं प्रत्येक शेतकरी बंधूनें आपला सातबारा, आठ-अ, आधार व पासबुक हे चार कागद एकत्र मांडून नांवें ताडून पाहावीं, आणि शेजारीं एखादी विधवा बहीण असेल तर तिचेहि पाहून द्यावे. वाचतां येणाऱ्यानें न येणाऱ्यास एवढें साहाय्य करणें हें आपल्या सभासदत्वाचें कर्तव्यच आहे.