वाल, परसबागेतील
(सं. निष्पाव, हिं. सेम, गु. वाल, क. अवरे, लॅ. लॅबलॅब पर्प्युरियस, कुल-लेग्युमिनोजी). कोवळ्या शेंगा भाजीसाठी व वाळलेले दाणे कडधान्य म्हणून वापरण्यात येणारी ही शिंबावंत वेल आहे. जुन्या ग्रंथांत तिचा उल्लेख डॉलिकॉस लॅबलॅब या नावाने आढळतो. तिचे रानटी प्रकार आफ्रिकेत असल्याने तीच तिची मूलभूमी मानतात. तथापि दक्षिण भारतातील नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननांतही तिचे दाणे मिळाले आहेत. दाण्याच्या कडेवरील ठळक पांढऱ्या कंगोऱ्यामुळे तो इतर कडधान्यांतून चटकन ओळखता येतो.

कोकणात भाताच्या कापणीनंतर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल घेतात. रायगड जिल्ह्यातील कडवे वाल विशेष प्रसिद्ध आहेत. परसात मात्र वेल कुंपणावर वा मांडवावर चढवितात आणि तिच्याकडून कोवळी शेंग व सुका दाणा या दोहोंची अपेक्षा ठेवतात. ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेलीवर नीट साधत नाहीत. कोवळ्या शेंगा तोडत राहिल्यास वेल नवी फुले धरते. दाणे पक्व होऊ दिल्यास तिचा बहर मंदावतो. भाजी संपल्यावर उरलेल्या शेंगा वाळू देण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत सदोष आहे, कारण त्या बहुधा उशिराच्या, किडक्या व बारीक दाण्यांच्या असतात. सुक्या वालांसाठी दोनतीन निरोगी वेली आरंभीच राखून ठेवणे इष्ट होय. (कोकणात थंडीत होणाऱ्या पोपटीपासून या वेली वाचविणे हे स्वतंत्र काम आहे.)

लागवड : पाण्याचा निचरा होणारी कोणतीही जमीन चालते. मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतू हवेतील नायट्रोजन स्थिर करीत असल्यामुळे नायट्रोजनयुक्त खत बेताचेच द्यावे. ते अधिक झाल्यास पाला माजतो. बहुतेक स्थानिक प्रकार दिनमान आखूड होऊ लागल्याखेरीज फुलत नाहीत. म्हणून जूनमध्ये पेरलेली वेल चार महिने नुसतीच वाढते व माळ्याला निराश करते. तिला दोष नसतो. सुक्या दाण्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पेरणी सोयीची, कारण वेल आटोपशीर राहते व शेंगा कोरड्या हवेत पिकतात. दिनमानावर अवलंबून नसलेले अर्का जय, अर्का विजय यांसारखे बुटके प्रकारही उपलब्ध आहेत. मांडवावरील वेलींसाठी आळ्यांत सु. १.५ मी. अंतर ठेवून प्रत्येकी दोनतीन बिया ३-४ सेंमी. खोल टोकतात. मावा व शेंगा पोखरणाऱ्या अळ्या यांचा उपद्रव होतो. परसात अळ्या हाताने वेचणे पुरेसे ठरते.

काढणी : शेंगा पिवळ्या पडू लागताच पाणी तोडावे. शेंग गवती रंगाची होऊन आत दाणा खुळखुळू लागला म्हणजे ती काढणीस आली. सर्व शेंगा एकाच वेळी पिकत नाहीत, तेव्हा दर चारपाच दिवसांनी वेचणी करावी. ती सकाळी दव असताना केल्यास शेंगा तडकून दाणे सांडत नाहीत. अवकाळी पावसाची चिन्हे दिसल्यास पिवळ्या शेंगा तोडून छपराखाली पसराव्यात. भिजलेला दाणा डागाळतो व बुरसतो. शेंगा उन्हात वाळवून काठीने बडवितात व दाणे पाखडून पुन्हा वाळवितात. दाताखाली दबणारा दाणा साठवणीस योग्य नसतो. तो कटकन फुटला पाहिजे.

साठवण : कडधान्यातील भुंगेरा अंडी घालतो ती बहुधा वेलीवरील पिकत्या शेंगांवरच. अळी दाण्यात शिरते आणि महिन्याभराने गोल छिद्र पाडून भुंगेरा बाहेर पडतो. म्हणूनच काढणीच्या वेळी निर्मळ दिसलेले वाल डब्यात ‘आपोआप’ किडतात. चाळलेल्या कोरड्या राखेत दाणे ठेवण्याची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे. राखेमुळे दाण्यांमधील पोकळ्या भरून किड्यांची हालचाल अडते व त्यांच्या अंगावरील आवरण खरवडले जाऊन ते शुष्क होतात. आता थोडे दाणे पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात घालून प्रशीतकाच्या हिमकप्प्यात आठवडाभर ठेवणे हाही चांगला उपाय आहे. डबा बाहेर काढल्यावर दाणे खोलीच्या तापमानास येईपर्यंत तो उघडू नये.

बियाण्यासाठी आरंभीच्या बहरातील भरदार शेंगा वेगळ्या ठेवाव्यात. वाल मुख्यत्वे स्वपरागित असले, तरी मधमाश्यांमुळे थोडा संकर होतो. घरातला पिढीजात वाल जपायचा असल्यास दुसरा प्रकार शेजारी लावू नये. असे कित्येक वाण परसापलीकडे कोठेही नोंदलेले नसतात व एका हंगामाच्या हयगयीने नाहीसे होतात.

उपयोग : सुक्या दाण्यात सु. २४ टक्के प्रथिने असतात. मात्र त्यात ट्रिप्सीन-निरोधक व सायनाइड मुक्त करणारी ग्लायकोसाइडेही असल्याने तो कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाणे धोक्याचे असते. वाल रात्रभर भिजवून पाणी टाकून देतात, मोड आणून साले काढतात व नव्या पाण्यात पूर्ण शिजवितात. अशा सोललेल्या दाण्यांना डाळिंब्या म्हणतात व त्यांचे बिरडे करतात.