रसायनशाळेंतील चिमटा

रसायनशाळा म्हटली म्हणजे आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रंगीत द्रवांनीं भरलेल्या परीक्षानळ्या, निळी ज्योत आणि नाक मुरडावयास लावणारा गंधकाचा दर्प एवढेंच उभें राहतें. त्याच मेजाच्या कोपऱ्यांत पडलेल्या चार-पांच इंच लांबीच्या पोलादी चिमट्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. तसला चिमटा सोनाराच्या पेढीवर असतो आणि पायांतील कांटा काढण्यासाठीं घरांतहि असतो. त्यांत सांगण्यासारखें तें काय, असें श्रोत्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु रसायनशास्त्रज्ञ हा चिमटा दोन परस्परविरुद्ध कारणांसाठीं हातांत धरतो. पदार्थापासून हाताचें रक्षण व्हावें हें एक, आणि हातापासून पदार्थाचें रक्षण व्हावें हें दुसरें. पहिलें कोणासहि पटतें. दुसरें थोडें चमत्कारिक वाटतें, म्हणून प्रथम त्याकडेच वळूं.

आपलें बोट कितीहि धुतलें तरी त्यावर घाम, क्षार आणि तेलाचा सूक्ष्म थर असतो. जुन्या धर्तीच्या रासायनिक तराजूबरोबर मखमलीच्या अस्तराची एक पेटी येत असे. तींत ग्रॅमचीं पितळी वजनें ओळीनें बसविलेलीं असत, आणि ग्रॅमच्या अंशांचीं वजनें पत्र्याच्या लहान लहान चौकोनी तुकड्यांच्या रूपानें शेजारीं मांडलेलीं असत. या प्रत्येक पत्र्याचा एक कोपरा वर वळविलेला असे. तो कांहीं शोभेसाठीं नव्हे. चिमट्यानें तेवढाच कोपरा धरून वजन उचलावें यासाठीं. ज्या तराजूस ग्रॅमचा दहाहजारावा भाग कळतो, त्याच्या पारड्यांत बोटानें हाताळलेलें वजन ठेवलें, तर घामांतील मिठानें पितळ हळूहळू डागाळतें आणि वजन पूर्वीचें राहत नाहीं. आणि एकदां वजनच खोटें झालें कीं त्यावर रचलेला सगळा हिशेब खोटा. आतां बहुतेक प्रयोगशाळांत विजेवर चालणारे तराजू आले आहेत व ती पेटी विद्यार्थ्याच्या हातांतून गेली आहे. तरीहि तराजू खरें बोलतो कीं नाहीं हें तपासण्यास प्रमाणित वजनें लागतातच, आणि तीं आजहि चिमट्यानेंच उचलावीं लागतात.

या जपणुकीची परमावधि पॅरिसजवळ सेव्र येथें पहावयास मिळते. प्लॅटिनम नऊ भाग आणि इरिडियम एक भाग अशा मिश्रधातूचा, उंचीनें व व्यासानें सुमारें ३९ मिलिमीटर असलेला एक दंडगोल तेथें तिजोरींत ठेवलेला आहे. १८८९ पासून २०१९ पर्यंत हाच साऱ्या जगाचा किलोग्रॅम होता. त्यास बोट लावण्याची कोणास मुभा नव्हती. मऊ कातडें गुंडाळलेल्या पकडीनेंच तो उचलीत. इतकें जपूनहि सुमारें शंभर वर्षांत त्याच्या व त्याच्या नकलांच्या वजनांत सरासरी ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या वीस-हजाराव्या भागाएवढी तफावत पडलेली आढळली. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या गोळ्यावरून काढून निसर्गांतील एका स्थिरांकावर बसविण्यांत आली. आपल्या देशाच्या वांट्यास आलेली ५७ क्रमांकाची नक्कल नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत आहे.

आतां या उपकरणाची घडण पाहूं. चिमट्याच्या दोन पात्या मागच्या टोंकाशीं जोडलेल्या असतात, बोटें मधोमध दाबतात आणि वस्तु पुढच्या टोंकांत असते. आपला अडकित्ताहि असाच एका टोंकास जोडलेला असतो. पण त्यांत सुपारी सांध्याजवळ व हात दूर असतो, म्हणून थोड्या जोरानें कठीण सुपारी फुटते. चिमट्यांत या दोन जागांची अदलाबदल झालेली आहे. त्यामुळें बोटांचा जोर टोंकापर्यंत जातां जातां कमी होतो. हा तोटा नसून हेंच चिमट्याचें मर्म आहे. बोटांस जो दाब सहज देतां येतो, त्याचा थोडाच अंश नाजूक वस्तूस लागतो. म्हणूनच कागदासारखा पातळ पत्रा न वांकवितां उचलतां येतो. जड वा तप्त वस्तूसाठीं मात्र हें चालत नाहीं. तेथें मध्यें खिळा असलेली, लांब मुठींची सांडशी लागते. स्वयंपाकघरांतील सांडशी आणि मूस उचलण्याची सांडशी या सख्ख्या बहिणी आहेत. फरक तोंडांच्या वळणाचा, आणि थोडा शिस्तीचा.

ती शिस्त कशी असते पहा. विहिरीच्या पाण्यांत सल्फेट किती हें काढावयाचें असेल, तर तें बेरियम सल्फेटच्या पांढऱ्या साक्याच्या रूपानें खालीं बसवितात, आणि तो साका चिनी मातीच्या मुशींत घालून लाल होईपर्यंत तापवितात. मग मूस ओलावा शोषणाऱ्या पदार्थाच्या बंद कांचपात्रांत निववून तोलतात. पुन्हां तापविणें, पुन्हां निवविणें, पुन्हां तोलणें. दोन वेळांच्या वजनांत ग्रॅमच्या दोन-तीन दहाहजारांशांहून अधिक फरक उरला नाहीं, म्हणजेच काम संपलें. या साऱ्या येरझाऱ्यांत मुशीस एकदांहि बोट लागतां कामा नये. गरम मूस घाईनें पारड्यांत ठेवली, तर तिच्याभोंवतींची तापलेली हवा वर चढूं लागते आणि मूस आहे त्यापेक्षां हलकी भासते. सांडशीचीं थंड टोंकें लाल मुशीस एकदम लावलीं तर मूस तडकण्याचें भय. म्हणून टोंकें आधीं ज्योतींत किंचित् शेकून घ्यावयाचीं. मूस प्लॅटिनमची असेल, तर तापलेल्या स्थितींत तिला दुसऱ्या साध्या धातूचा स्पर्श वर्ज्य, कारण ते धातु तिच्यांत मिसळून ती नासते; यासाठीं सांडशीच्या टोंकांनाच प्लॅटिनमच्या टोप्या चढवितात. आणि काम झाल्यावर सांडशी मेजावर ठेवतांना टोंकें वर करून ठेवावयाचीं, म्हणजे मेजावरची घाण पुढच्या मुशीस लागत नाहीं. विद्यार्थी कितपत तयार झाला आहे हें पाहण्यास या शेवटच्या संवयीहून चांगली परीक्षा मला माहीत नाहीं. त्याच सांडशीनें गरम पाण्याचें कांचेचें भांडें उचलण्याचा मोह मात्र टाळावा. तिच्या तोंडांतून तें निसटतें.

येथवर हातापासून पदार्थाचें रक्षण झालें. आतां दुसरी बाजू. हंफ्री डेव्ही यानें १८०७ सालीं लंडन येथें सोडियम आणि पोटॅशियम हे धातु प्रथम वेगळे केले. सोडियम सुरीनें लोण्यासारखें कापतां येतें आणि रॉकेलांत बुडवून ठेवावें लागतें. त्याचा खडा बोटांनीं धरला, तर कातडीच्या ओलाव्याशींच त्याचा संयोग होऊन उष्णता व कॉस्टिक सोडा निर्माण होतो, आणि कातडी एकाच वेळीं भाजते व कुरतडलीहि जाते. म्हणून गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा कोरड्या चिमट्यानें धरावा, टिपकागदानें रॉकेल टिपून घ्यावें व मगच तो प्रयोगास वापरावा. पांढऱ्या फॉस्फरसची कथा उलट आहे. हँबुर्गच्या हेनिग ब्रांडला १६६९ च्या सुमारास सांपडलेला हा पदार्थ हवेंत ३० अंश सेंटिग्रेडच्या थोडें वर गेलें कीं पेट घेतो, आणि तेवढी ऊब तर आपल्या बोटांतच असते. त्याला पाण्यांत ठेवावें, पाण्याखालींच चिमट्यानें धरून कापावें. एकास पाण्याचें वावडें, दुसऱ्यास हवेचें; एकाचा चिमटा खडखडीत कोरडा, दुसऱ्याचा बुडालेला. बहुत दिवस पडून राहिलेल्या पोटॅशियमवर पिवळट पापुद्रा आला असेल, तर मात्र कोणत्याहि चिमट्यानें त्यास हात घालूं नये. कापतांना त्याचा स्फोट होऊं शकतो.

रबरी हातमोजे असतांना चिमट्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. हातमोजा हा शेवटीं एक पातळ पडदा आहे, आणि प्रत्येक पडदा प्रत्येक पदार्थास अडवितोच असें नाहीं. अमेरिकेंतील डार्टमथ येथील रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्यें डायमिथिल मर्क्युरीचे थोडेसे थेंब पडले. तो द्रव त्या मोज्यांतून सहज आरपार गेला, आणि जून १९९७ मध्यें पाऱ्याच्या विषबाधेनें त्यांचा अंत झाला. द्रव पदार्थास चिमटा लागूं नाहीं हें खरें. परंतु घन पदार्थाच्या बाबतींत पडद्याहून अंतर अधिक भरंवशाचें, हें यावरून ध्यानांत यावें.

अंतराची ही किंमत रेडियमनें सर्वांत कठोरपणें शिकविली. मारी आणि पिअर क्यूरी यांनीं १८९८ सालीं रेडियमचा शोध जाहीर केला. पुढें १९०१ सालीं हेन्री बेकरेल यांनीं रेडियमयुक्त नळी खिशांत बाळगली, आणि खिशाखालची कातडी भाजून निघाली. त्याच वर्षीं बेकरेल व पिअर क्यूरी यांनीं लिहून ठेवलें, कीं ज्या बोटांनीं असल्या नळ्या धरल्या त्यांचीं टोंकें कडक होतात, दुखतात आणि त्यांची सालपटें निघतात. मारी क्यूरी यांना १९३४ सालीं रक्ताच्या विकारानें मृत्यु आला. रेडियमचा कण जर ठिपक्याएवढा धरला, तर त्याच्या किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. बोटांपासून एक सेंटिमीटरवर असलेला कण तीस सेंटिमीटरच्या चिमट्यानें धरला, तर बोटांस पोंचणारा मारा नऊशेंवा हिस्सा उरतो. ना औषध, ना मंत्र. केवळ एक फूट लांबीच्या पोलादाची ही करामत! रेडियमनें रोग्यांस उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीं पुढें लांब दांड्यांचे चिमटे वापरण्यास प्रारंभ केला तो यामुळेंच.

त्याहून शतपटींनीं दाहक पदार्थ अणुभट्ट्यांतून निघूं लागल्यावर हाहि चिमटा अपुरा पडला. अमेरिकेंतील आर्गॉन प्रयोगशाळेंत रेमंड गर्ट्झ यांनीं १९४० च्या दशकाच्या अखेरीस एक यांत्रिक हात तयार केला. काम करणारा जाड भिंतीच्या अलीकडे उभा राहतो, कांचेच्या खिडकींतून आंत पाहतो, आणि त्याच्या मनगटाची प्रत्येक हालचाल भिंतीपलीकडचा हात जशीच्या तशी करतो. असे यांत्रिक हात आज आपल्या मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतहि काम करीत असतात. त्या हाताच्या शेवटास पहावें, तर दोन टोंकें आहेत; अलीकडच्या माणसानें दोन बोटें मिटलीं कीं तीं मिटतात, आणि बोटें सैल सोडलीं कीं उघडतात.