आंदणातली कला

‘कलावंत’ आणि ‘कलावंतीण’ हे दोन शब्द एकाच मुळातले. पहिला मानाचा राहिला, दुसरा हळूहळू शिवी झाला. असे का झाले, याचे एक उत्तर तंजावर आणि बडोदा या दोन मराठी दरबारांच्या इतिहासात सापडते.

१८८० साली बडोद्याचे तरुण महाराज सयाजीराव गायकवाड यांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झाला. सासरी त्या चिमणाबाई झाल्या. आंदणात दागिने, कपडे, भांडी असतात. या आंदणात नर्तकी आणि त्यांचे साथीदार यांचा ताफाही होता.

हा नाच तंजावरच्या भोसल्यांच्या आश्रयाने वाढला होता. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला आणि दुसऱ्या सरफोजींकडे किल्ला व दरबार एवढेच उरले. तो दरबार त्यांनी ग्रंथ, संगीत आणि नृत्य यांनी गजबजता ठेवला. नाचासाठी त्यांनी मराठीत रचना केल्या. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’त तर जगाचा भूगोल आहे. त्याच काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्याच्या कार्यक्रमाला जो क्रम दिला, तोच आजच्या भरतनाट्यमचा पाया आहे. तेव्हा या नृत्याला ‘सदिर’ म्हणत. राजांची आणि गुरूंची नावे इतिहासात राहिली. ज्यांनी तो क्रम प्रत्यक्ष नाचून दाखवला, त्या बहुतेक स्त्रियांची राहिली नाहीत.

१८५५ मध्ये तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी यांच्या निधनानंतर, पुत्र नाही या कारणाने, कंपनीने गादी खालसा केली. दरबारावर जगणाऱ्या कलाकारांचा आधार गेला. अशा वेळी बडोद्याचा ‘कलावंत कारखाना’ म्हणजे नियमांत बसवलेली, पगाराची नोकरी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रास इलाख्यात नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली. देवदासी प्रथेतील शोषण खरे होते आणि सुधारकांचा संतापही खरा होता. पण प्रथेवरचा राग कलेवर आणि ती जपणाऱ्या बायकांवरही निघाला. १९४७ च्या मद्रास कायद्याने देवळात मुली वाहणे आणि देवदासींचे नृत्य दोन्ही बंद केले. त्याआधीच, १९३६ साली, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ‘कलाक्षेत्र’ स्थापन केले होते आणि प्रतिष्ठित घरांतल्या मुली हेच नृत्य शिकू लागल्या होत्या. नृत्याला प्रतिष्ठा मिळाली. ज्या घरांतून ते आले, त्यांच्या वाट्याला कलंक आला. बालसरस्वतींसारख्या थोड्याच जणींना त्या घराण्याचे नाव लावून रंगमंचावर मानाने उभे राहता आले.

बडोद्याच्या दरबारात कांतिमती नाचत. त्यांचे पती अप्पास्वामी नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू होते. १९३९ मध्ये सयाजीराव गेले आणि हे कुटुंब बडोद्यातून बाहेर पडले. पुढे मुलगा कुबेरनाथ याला बडोद्याने पुन्हा बोलावले. विद्यापीठात त्यांनी अनेक पिढ्या शिकवल्या. त्यांचे आडनाव होते तंजोरकर.

गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून बडोद्याने त्या घराला आपल्या रीतीने सामावून घेतले. मुलाला ‘गुरू’ म्हणताना मात्र आईसाठी आपल्याकडे ‘कलावंतीण’ हाच शब्द होता. भरतनाट्यमच्या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा सांगताना आपण सरफोजींचे आणि सयाजीरावांचे नाव अभिमानाने घेतो. त्या यादीत कांतिमतींचेही नाव हवे.