जास्त पट म्हणजे जास्त पल्ला?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात ऑक्टोबर उजाडला की एल्कच्या रायफल-हंगामाला तोंड फुटते. एल्क म्हणजे सांबराहून मोठे हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे सहज जातो. देशातले सर्वांत जास्त एल्क याच राज्यात आहेत. शिकारीचा परवाना हाती आला की पुढचा प्रश्न असतो रायफलवर बसवायच्या दुर्बिणीचा, म्हणजे स्कोपचा.

स्कोपच्या नावातच 3-9×40 किंवा 5-25×56 असे आकडे असतात. पहिले दोन विशालनाचे, म्हणजे चित्र कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती पट मोठे दिसेल ते सांगणारे. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. लांब पल्ल्याच्या नेमबाजीची आवड वाढली, तसा पटींचा मोहही वाढला. त्या मोहापायी शिकाऱ्याचे पैसे वाया जातात ते वेगळेच. खरी झळ बसते ती चुकीच्या जागी गोळी लागून झाडीत दिसेनासे होणाऱ्या जनावराला. म्हणून यातले रूढ समज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज 1 : चारशे मीटरवर नेम धरायचा तर किमान 20 पट हवेतच.

वस्तुस्थिती : 10 पटींच्या स्कोपमधून 400 मीटरवरचा एल्क 40 मीटरवर उभा असल्यासारखा दिसतो. निरोगी डोळ्याला साधारण एक मिनिट कोनाएवढा (अंशाच्या साठाव्या भागाएवढा) तपशील वेगळा ओळखता येतो. 400 मीटरवर हा तपशील सुमारे 12 सेंटिमीटरचा होतो, आणि 10 पट लावल्यावर जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा. एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा भाग निदान 25 ते 30 सेंटिमीटर रुंद असतो. तेव्हा 10 पटींत नेमाची जागा पुरेशी स्पष्ट दिसते.

अनुभवही हेच सांगतो. अमेरिकी लष्कराने 1988 मध्ये स्वीकारलेल्या एम-24 या स्नायपर रायफलचा पल्ला 800 मीटर मानला गेला, आणि तिच्यावर स्कोप होता कायम 10 पटींचा. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकात अनेक दशके लिहिणारे जॅक ओ’कॉनर डोंगरकड्यांवरच्या रानमेंढ्यांच्या शिकारीसाठी ओळखले जात. त्यांच्या गाजलेल्या .270 विंचेस्टर रायफलवरचा स्कोप अवघ्या 4 पटींचा होता.

गैरसमज 2 : पट वाढवली की नेम अधिक अचूक लागतो.

वस्तुस्थिती : पट वाढल्याने चित्र मोठे होते, हाताचा कंप तेवढाच राहतो, फक्त तो मोठा दिसू लागतो. 25 पटींत क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, जनावराच्या अंगावर नाचताना पाहून शिकारी बिचकतो आणि ‘आता जुळले’ असे वाटताच चाप झटक्याने ओढतो. गोळी भरकटते ती तिथे.

लांब पल्ल्यावर खरी परीक्षा घेतात गुरुत्वाकर्षण आणि वारा. .308 विंचेस्टरसारखी नेहमीची रायफल शंभर मीटरवर जुळवलेली असेल, तर साडेचारशे मीटरवर तिची गोळी सुमारे दीड मीटर खाली येते. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा तिला अर्धा मीटर बाजूला ढकलतो. गोळी तिथवर पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चरणारे जनावर एक पाऊल पुढे टाकू शकते. यांतली एकही अडचण भिंगाने सुटत नाही. अंतर अचूक मोजणे, वारा वाचणे आणि भक्कम टेकू घेणे, यांनीच ती आवरते.

विशालनावाचून काय साधते, याचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारात रायफलवर दुर्बीण चालत नाही. छिद्राच्या साध्या साइटमधूनच नेम धरावा लागतो. तिथे दहा गुणांचे वर्तुळ असते 10.4 मिलिमीटरचे.

गैरसमज 3 : कमाल पट पाहावी, किमान पटीला फारसे महत्त्व नाही.

वस्तुस्थिती : पट वाढली की दिसणारा टापू आक्रसतो. शंभर मीटरवर 3 पटींत सुमारे 11 मीटर रुंदीचा भाग दिसतो, 9 पटींत साडेचार मीटरचा आणि 25 पटींत जेमतेम दीड मीटरचा. दाट झाडीत एल्क 50 मीटरवर अचानक समोर आला आणि स्कोप 25 वर राहिला असेल, तर पाऊण मीटरचा टापू तपकिरी केसांनी भरून जातो. खांदा कुठे, पोट कुठे, काही कळत नाही. डोंगराळ मुलखात असे जवळचे प्रसंग नेहमी येतात, म्हणून स्कोप 3 किंवा 4 पटींपर्यंत खाली यायला हवा.

गोळी सुटल्यावरही रुंद टापू कामी येतो. रायफलच्या धक्क्यानंतर जनावर कसे हलले, कोणत्या दिशेने गेले, हे शिकाऱ्याला दिसले तरच त्याला ताबडतोब दुसरी गोळी झाडता येते किंवा नंतर माग काढता येतो.

गैरसमज 4 : अंधूक उजेडात पट वाढवावी, म्हणजे स्वच्छ दिसते.

वस्तुस्थिती : कोलोरॅडोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते, आणि एल्क उघड्यावर येतात ते बहुधा याच संधिप्रकाशात. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की स्कोपमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. 50 मिलिमीटरचे भिंग 10 पटींवर 5 मिलिमीटरचा झोत देते. संधिप्रकाशात डोळ्याची बाहुली जेवढी उघडते त्याच्या जवळपास. तोच स्कोप 25 वर नेला की झोत उरतो 2 मिलिमीटरचा, आणि चित्राचा उजळपणा सुमारे सहाव्या हिश्श्यावर येतो. थोडी पट तपशिलाला मदत करते. अति पट चित्र काळवंडून टाकते. ताडोबात पहाटे दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनाही हाच भागाकार उपयोगी आहे.

गैरसमज 5 : भर उन्हात तरी पूर्ण पट वापरायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा चित्र थरथरवते. स्कोप जनावराबरोबर ही मृगजळी थरथरही तितक्याच पटींनी वाढवतो. अशा वेळी अनुभवी नेमबाज पट कमी करतात.

गैरसमज 6 : अंतरानुसार नेम धरण्यासाठी क्रॉसहेअरवर असलेल्या खुणा कोणत्याही पटीला सारख्याच लागू पडतात.

वस्तुस्थिती : हे स्कोपच्या रचनेवर ठरते. क्रॉसहेअर पुढच्या नाभीय प्रतलात, म्हणजे पट वाढवणाऱ्या भिंगांच्या पुढे, बसवलेले असेल, तर ते चित्राबरोबर लहानमोठे होते आणि खुणांचे माप कायम राहते. त्याचा तोटा असा की कमी पटीला रेषा फार बारीक दिसतात. शिकारीच्या बहुसंख्य स्कोपांत मात्र ते मागच्या प्रतलात असते. तिथे खुणा एका ठरावीक पटीलाच खऱ्या, बहुधा कमाल पटीला. असा 5-25 चा स्कोप साडेबारा पटींवर ठेवून खालच्या खुणेने नेम धरला, तर त्या खुणेचे माप दुप्पट झालेले असते आणि गोळी जनावराच्या वरून निघून जाते. आपला स्कोप यांतला कोणता, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे.

गैरसमज 7 : स्कोप शक्तिशाली असला की वेगळी दुर्बीण नको.

वस्तुस्थिती : स्कोपमधून जे पाहावे त्याच्यावर रायफलची नळी रोखलेली असते. समोरची हालचाल दुसऱ्या शिकाऱ्याची निघाली तर? शोधाशोध नेहमी हातातल्या दुर्बिणीनेच करावी. 10×42 चा नमुना डोंगरात सर्रास वापरला जातो. वजनाचाही हिशेब आहे. साधा 3-9×40 स्कोप 350 ते 400 ग्रॅमचा, तर 5-25×56 किलोभराच्या घरातला. तीन हजार मीटर उंचीवर दिवसभर चढताना हा फरक खांद्याला कळतो.

मग निवड काय करावी? चारशे मीटरच्या आतल्या एल्कसाठी 3-9×40 आजही पुरतो. उघड्या माळावर किंवा दरीपलीकडे नेम धरावा लागत असेल, तर 3-15 किंवा 4-16 हा मध्यम मार्ग उत्तम. 25 पट निशाण्याच्या मैदानावर शोभतात, कारण तिथे कागदावरची बारीक छिद्रे पाहायची असतात.

थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने 1887 मध्ये स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारीत जनावराला न्याय्य संधी द्यावी, असा आग्रह धरत आला आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. जिथे ती कायदेशीर आहे, तिथे परवाना घेणाऱ्या प्रत्येकाने, मग तो तिथे स्थायिक झालेला मराठी माणूस का असेना, हंगामाआधी मैदानावर जाऊन बसून, गुडघ्यावर आणि पडून नेमबाजी करावी. ज्या अंतरापर्यंत आपल्या सगळ्या गोळ्या 25 सेंटिमीटरच्या वर्तुळात बसतात, ते आपले अंतर समजावे आणि त्यापुढच्या जनावरावर चाप ओढू नये.