छातीतल्या पाण्याची साक्ष

छातीत पाणी झाल्याचे निदान झाले, की घरच्यांच्या मनात पहिली शंका येते ती क्षयाची किंवा कर्करोगाची. फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणाला क्षयाची बाधा झाली, तर त्या पदरांमध्ये पाणी साठते. ते सुईने काढून तपासले, तरी त्यात क्षयाचे जंतू क्वचितच सापडतात. हे पाणी बहुतांशी जंतूंविरुद्ध शरीराने दिलेल्या लढ्यातून साठते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्याचे प्रमाण दहा रुग्णांत एकाहूनही कमी असते. जंतू वाढवून पाहायचे, तर काही आठवडे जातात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात हा विलंब परवडणारा नाही. पाथर्डी, शेवगावकडची ऊसतोड कुटुंबे हंगामात गाव सोडतात. अहवाल येईपर्यंत रुग्ण कोणत्या फडावर असेल, याचा नेम नसतो.

अशा वेळी 'अ‍ॅडेनोसिन डीअ‍ॅमिनेज' अर्थात 'एडीए' हे विकर उपयोगी पडते. लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे पाण्यातील त्याचे प्रमाण वाढते. क्षयाच्या निदानासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो, हे १९७८ मध्ये पुढे आले. तपासणीची प्रचलित रीत साधी आहे. हे विकर अ‍ॅडेनोसिनपासून अमोनिया मोकळा करते, रसायने घातली की निळा रंग येतो आणि त्याची गडदता यंत्रावर मोजली जाते. लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेला ती अवघड नाही. खर्च बेताचा असतो आणि उत्तर लवकर मिळते.

लिटरमागे ४० एककांहून अधिक एडीए आणि पाण्यात लिम्फोसाइट पेशींचे प्राबल्य, असा मेळ बसला की क्षयाची शक्यता बळावते. मात्र हा पुरावा परिस्थितीजन्यच होय. आवरणात पू झाला असेल, संधिवात असेल किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग असेल, तरीही हा आकडा चढतो. उतारवयात तो क्षय असूनही कमी येऊ शकतो. केवळ आकड्यावर सहा महिन्यांचे औषध सुरू करणे, ही घाईच म्हणावी लागेल.

'इंटरफेरॉन गॅमा'ची तपासणी चांगली, पण महाग. जीन एक्स्पर्ट यंत्राला थुंकीत जे यश मिळते, ते या पाण्यात मिळत नाही. जंतूच विरळ, त्याला यंत्र काय करणार? रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्यांवर तर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली.

एडीएला एक गोष्ट मुळीच सांगता येत नाही. जंतू औषधांना दाद देणारे आहेत की नाहीत, हे कळण्यासाठी जंतूच हाती लागावे लागतात. म्हणून पाण्याचा काही भाग जंतुवाढीसाठी पाठवणे इष्ट. आवरणाचा तुकडा काढला असेल, तर त्यातही जंतू सापडण्याची शक्यता बरी असते. फक्त तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नये, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. जंतुवाढीचा भाग वेगळा काढून निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा.