श्रद्धेचे शिक्षण आणि परीक्षेचे माप

मुलाला गणित आले की नाही, हे परीक्षेने कळते. परंतु धर्मपाठातून त्याच्या मनात काय रुजले, हे शिक्षकाने कसे जाणावे? ख्रिस्ती शाळांपुढील हा प्रश्न जुना आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत 1813 मध्ये सुरू झाले. मिशनच्या शाळांत बायबलचा पाठ नित्याचा असे. 1854 च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देऊ केले. मात्र निरीक्षकांनी ऐहिक विषयच तपासावेत, धर्मशिक्षणाची दखल घेऊ नये, असे त्यात ठरले. पुढे मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालांवर अनुदान देण्याची पद्धत आली. अशा व्यवस्थेत ज्या पाठाची परीक्षा नाही, तो मागे पडण्याचा धोका असतो. उलटपक्षी, त्यालाही गुण ठेवले तर मुले अपेक्षित उत्तर घोकतात आणि श्रद्धेच्या जागी पोपटपंची येते.

या पेचातून वाट काढण्यास एक भेद उपयोगी पडतो. 1967 मध्ये मायकेल स्क्रिव्हन यांनी दोन प्रकारचे मूल्यमापन वेगळे करून दाखविले: एक, काम पूर्ण झाल्यावर निर्णय देणारे, दुसरे, काम चालू असताना ते सुधारणारे. धर्मपाठास हा दुसरा प्रकार मानवतो.

लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दृष्टान्त घ्या. वाटेत जखमी पडलेल्या मनुष्याला याजक आणि लेवी टाळून जातात. परका मानला गेलेला शोमरोनी त्याला उचलतो. शिक्षकाने तीन प्रश्न विचारावेत. कोण थांबले? तोच थांबला, याचे ऐकणाऱ्यांना नवल का वाटले असेल? आपल्या गल्लीत असा परका कोण? पहिल्यात स्मरण, दुसऱ्यात आकलन, तिसऱ्यात विचार कसास लागतो. दुसऱ्या प्रश्नाशी निम्मा वर्ग अडखळला, तर उणीव मुलांची नव्हे, पाठाची समजावी. दुसऱ्या दिवशी यहूदी व शोमरोनी यांच्यातील वैर समजावून पाठ पुन्हा घ्यावा. तिसऱ्या उत्तराला गुण देऊ नयेत; त्यावर बोलावे.

छत्तीसगडात ऑस्कर लोर यांनी 1868 मध्ये बिश्रामपूर येथे मिशनचे केंद्र स्थापिले. आज रायपूरसारख्या शहरातील ख्रिस्ती शाळेच्या एका बाकावर निरनिराळ्या धर्मांची मुले बसू शकतात. महाराष्ट्र मंडळ असलेल्या चौबे कॉलोनीतील एखाद्या मराठी घरची मुलगीही त्यांत असेल. राज्याची मान्यता किंवा साहाय्य असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून अज्ञान मुलास धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद 28 सांगतो. संमतीने ती त्या तासाला बसली, तरी तिला दृष्टान्ताचा अर्थ विचारता येईल. तिची श्रद्धा मोजता येणार नाही.

ख्रिस्ती घरच्या मुलालाही हाच न्याय लागू आहे. ज्याला ‘मला हे पटत नाही’ असे निर्भयपणे म्हणता येते, त्याच्याच ‘पटले’ या शब्दाला काही मोल असते. शिक्षकाने मापावे ते आपले शिकविणे. श्रद्धेचा निकाल लावणे हे त्याचे काम नव्हे.