सोळाव्या वर्षी परक्या घरी

मुळशी म्हटलं की बहुतेकांना धरण, पाऊस आणि शनिवार-रविवारी आमच्या रस्त्यावर होणारी गाड्यांची रांग आठवते. फार तर आंबेमोहोर. पण मैत्रिणींनो, आमच्या तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आम्हा इथल्या बायकांना आता नवलाची वाटेनाशी झाली आहे. पौडजवळच्या खुबवली गावाच्या टेकडीवर १९९७ सालापासून एक कॉलेज आहे, आणि तिथे देशोदेशीची सोळा-सतरा वर्षांची मुलं दोन वर्षं शिकायला येऊन राहतात. म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाची. पूर्ण नाव महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. आम्ही नुसतं ‘महिंद्रा कॉलेज’ म्हणतो. मुलं राहतात त्या इमारतींना तिथे ‘वाडा’च म्हणतात, आणि एकाच खोलीत वेगवेगळ्या देशांची मुलं असतात.

यामागची कल्पना कुर्ट हान नावाच्या एका जर्मन शिक्षकाची. हिटलरविरुद्ध बोलला म्हणून त्याला तुरुंगात टाकलं होतं, पुढे देशही सोडावा लागला. एकमेकांशी लढलेल्या देशांची मुलं कोवळ्या वयात एकत्र राहिली, जेवली, भांडली तर मोठेपणी बंदुका उचलताना जरा विचार करतील, असं त्याचं म्हणणं. १९६२ मध्ये वेल्समधल्या एका जुन्या किल्ल्यात असं पहिलं कॉलेज निघालं.

बचत गटाच्या कामामुळे त्या कॉलेजातल्या काही मुलींशी माझी ओळख झाली. एक होती दक्षिण अमेरिकेतली. जुलैत आली, आणि मुळशीचा जुलै तुम्हाला सांगायला नको! आठ-आठ दिवस ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल. पोरगी पार मलूल झाली होती. आमच्या गटातल्या एका मावशींनी तिला चुलीपुढे बसवलं, हातात गरम भाकरी दिली आणि सरळ मराठीत विचारलं, “निघताना तुझी आई रडली का गं?” मी कसंबसं इंग्रजी करून सांगितलं. ती म्हणाली, “आई नाही रडली. बाबा रडले.” मावशी कितीतरी वेळ हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

त्या आईने नकाशावर मुळशी शोधलं असेल का, हा विचार माझ्या मनात तेव्हापासून आहे. तिला ना आपली भाषा ठाऊक, ना आपलं जेवण. तरी तिने पोटची पोर आपल्या भरवशावर पाठवली. आणि आपण? आपली मुलगी पुण्याला होस्टेलवर ठेवायची म्हटलं तरी घरात आठवडाभर चर्चा चालते.

हे सगळं आठवायला कारण घडलं. गटातल्या एका ताईंची मुलगी यंदा दहावीला आहे. वडिलांचं पिरंगुटला हार्डवेअरचं छोटं दुकान आणि थोडी भातशेती. ‘एक्स्चेंज स्टुडंट’ म्हणून एक वर्ष परदेशातल्या शाळेत जायचं तिने मनावर घेतलं आहे. तिथे होस्टेल नसतं. एखादं कुटुंब मुलीला घरात ठेवून घेतं, तिथल्याच हायस्कूलमध्ये ती जाते, त्यांच्याबरोबर जेवते आणि घरातली कामंही करते. रोटरी क्लबतर्फे अशी देवाणघेवाण बऱ्याच वर्षांपासून होते. ए.एफ.एस. ही संस्था तर पहिल्या महायुद्धात जखमींना गाडीतून नेणाऱ्या स्वयंसेवकांची. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४७ पासून, त्यांनी शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशात पाठवायला सुरुवात केली.

वडिलांचा एकच मुद्दा होता, “लग्नाआधी पोरीला परक्या घरात ठेवायची?”

त्यावर मुलीची आजी जे बोलली, ते मला आयुष्यभर पुरेल. आजी म्हणाली, “मला चौदाव्या वर्षी परक्याच घरी पाठवली की. नवऱ्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. तेव्हा कोणी विचारलं नाही, घर कसं आहे, माणसं कशी आहेत. हिला तर परतीचं तिकीट आहे.”

अहो, खरंच की! परक्या घरचं पाणी कसं असतं, तिथे कुणाला काय म्हणायचं, कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, हे आपल्याकडच्या बायकांना न शिकवता येतं. मुलीला ‘परक्याचं धन’ म्हणत वाढवायचं आणि शिकायला परक्या घरी जाते म्हटली की घाबरायचं, हे काही मला पटत नाही.

तरी भीती सगळीच खोटी नाही. म्हणून ताईंबरोबर मी स्वतः जाऊन बसले आणि खोदखोदून विचारलं. ठेवून घेणाऱ्या कुटुंबाची चौकशी होते का? होते. रोटरीत वर्षभरात बहुधा एकापेक्षा जास्त घरं बदलतात, आणि त्या घराबाहेरचं एक माणूस मुलीसाठी नेमलेलं असतं, अडचण सांगायला. त्या माणसाचा नंबर मुलीला पाठ हवा आणि आपल्याकडेही लिहून हवा. घर पटलं नाही तर बदलून मागता येतं, हे मुलीला जाण्याआधीच सांगून ठेवा. आपल्या मुली तोंड दाबून सोसतात, तीच सवय तिथे घातक.

पैशांचंही लपवत नाही. रोटरीत राहणं आणि शाळा तिकडचे लोक बघतात, पण विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा आपल्या खिशातून. वर बऱ्याचदा तिकडचं एखादं मूल आपल्या घरी ठेवून घ्यायची तयारी लागते. (ताई लगेच म्हणाल्या, “येऊ दे की, एक ताट जास्त.”) महिंद्रा कॉलेजसारख्या ठिकाणचं शिक्षण शिष्यवृत्तीशिवाय आपल्या आवाक्यातलं नाहीच, घरची परिस्थिती बघून शिष्यवृत्ती मिळते, पण त्यासाठी निवड व्हावी लागते. या निवडींची माहिती आधी शहरातल्या इंग्रजी शाळांत पोचते, मग तालुक्याला, हे मला खटकतं. कॉलेज आमच्या टेकडीवर असून आमच्या मुलींना हा रस्ता कोणी सांगितला नव्हता.

आणि वर्षाचा प्रश्न. एक्स्चेंजचं वर्ष आपलं बोर्ड धरेलच असं नाही, परत येऊन अकरावी करावी लागू शकते. कॉलेजच्या प्राचार्यांकडून आधीच लेखी घ्यावं. शेजारणी म्हणतील वर्ष वाया गेलं. म्हणू देत. नापास होऊन गेलेलं वर्ष आणि हे वर्ष यात फरक आहे.

मुलगी सध्या दुपारी आमच्या ओट्यावर बसून इंग्रजी बोलायचा सराव करते, माझ्याशी! माझं इंग्रजी बी. ए.ला होतं तेवढंच, तेही गंजलेलं. पण दोघींना मजा येते. आईने तिला कुकर लावायला आणि पोळ्या करायला बसवलंय. तिकडे एखाद्या रविवारी त्या लोकांना वरण-भात करून घालायचा तिचा बेत आहे.

पासपोर्टसाठी मुंढव्याला जावं लागेल. मूल अठराच्या आतलं असल्याने आई-वडील दोघांची संमती लागते. ताईंची सही झाली. वडील म्हणाले, “भातकापणी होऊ दे, मग बघू.” क्लबाच्या अर्जाची तारीख त्याआधीची आहे, म्हणून परवा संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्या दुकानात जाणार आहे. आजींनाही बरोबर घेऊन.